गाणी बदलली, मंडप बदलले. सोयरीक कुठं बदलली?

दुधनाकाठ (सेलू)

परवा संभाजीनगरात एका व्याख्यानाला बसलो होतो. वक्ते पुण्याहून आलेले. टीव्ही, सिनेमा आणि आता मोबाईल यांनी मराठवाड्यासारख्या मागं राहिलेल्या भागात नवा विचार नेला, असं त्यांचं म्हणणं. मुली शिकायला लागल्या, जातीची पकड सैल झाली, बायका बोलायला लागल्या, आणि यात मालिका-सिनेमांचा वाटा शाळेपेक्षा मोठा. टाळ्या पडल्या. मला पटलं नाही. का पटलं नाही ते मांडतो, ज्याला भांडायचंय त्यानं भांडावं.

माझ्या मते करमणुकीच्या धंद्यानं आपल्याकडं एकही मोठा बदल घडवलेला नाही. बदल दुसऱ्यांनी घडवला, बऱ्याचदा मार खाऊन. गिऱ्हाईक तयार झालंय असं दिसल्यावर धंदेवाले आले आणि त्यांनी दुकान लावलं.

१९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं. तिथं म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं, कॉलेजच्या पोरांनी ते उभं केलं. कुठली नाटक कंपनी मागं नव्हती. पुढं साठच्या दशकाच्या शेवटी गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केलं. ज्यांचं लिहिलेलं कोणी छापत नव्हतं, त्या पोरांची पहिली कविता तिथं आली. मग नामांतर. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. लोकांची घरं गेली, माणसं गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठी सिनेमा काय करत होता? विनोदी चित्रपटांवर थेटरं भरत होता. आमच्याकडं काय जळतंय याचा त्यात धूरही नव्हता. या काळात गावोगाव फिरून माणसं जागी ठेवली ती वामनदादा कर्डकांसारख्यांनी आणि त्यांच्या मागं निघालेल्या गायन पार्ट्यांनी. वस्तीत मुक्काम, जे असेल ते जेवण, आणि रात्रभर गाणं.

आता तीच गाणी डीजेवर आहेत, एप्रिल महिना यूट्यूबच्या चॅनेलवाल्यांचा सीझन झालाय. चांगलंच आहे. पण याला ‘संगीत उद्योगानं समाज बदलला’ म्हणायचं असेल तर माझा हात खाली.

वक्त्यांना एक आकडा विचारायचा होता, माईक मिळाला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली. बीड आणि परभणीत हाच आकडा ४० च्या वर आहे. डिशची छत्री नाही असं पत्र्याचं घर मला माझ्या तालुक्यात दाखवा. २० वर्षं रोज संध्याकाळी मालिका बघून हे असेल, तर मालिकांनी नेमकं काय बदललं?

जुना कॅसेटवाला (नांदेड)

सेलूकर, तुमी नाटकं आन मासिकं मोजायलाव. ती वाचणारे किती होते ते बी मोजा की. मिलिंदची पोरं शिकलेली. कंधार-मुखेडकडच्या खेड्यातला गडी ‘अस्मितादर्श’ वाचत नव्हता, त्याच्याकडं टेप होता.

माझं दुकान बसस्टँडजवळ होतं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी बाजारच फिरवून टाकला, तवापासून सीडी येईपर्यंत मी हाच धंदा केला. गायन पार्टी एका रात्री एका गावात. कॅसेट एका रात्री हजार गावात. आमच्या भागातले गायक मनमाडला गाडी बदलून मुंबईला रेकॉर्डिंगला जायचे, कारण इकडं तेव्हा छोटी लाईन होती. परत येताना बॅगंत स्वतःच्याच कॅसेटी. कंपनीनं पैसे कमी दिले म्हणून शिव्या देत यायचे आन पुढच्या साली पुन्हा जायचे.

तुमी म्हणता धंदा मागून आला. वर्षं बघा. ठराव ७८ चा, नामविस्तार ९४ चा. माझं दुकान ह्या दोन्हीच्या मधात चालू होतं. गावच्या चौकात टेपवर भीमगीत लागलं म्हणून झालेली भांडणं मी पाहिलेत. अशा गावात कॅसेट इकत घेऊन आवाज मोठा करणं ह्यालाच हिंमत लागायची. ती कॅसेट त्यानं रोख पैसे देऊन घेतली, कोणी चळवळीनं फुकट वाटली नव्हती.

अजून एक. प्रल्हाद शिंदे. त्यांची इठ्ठलाची गाणी सकाळी पाटलाच्या वाड्यावर लागायची आन त्यांचीच भीमगीतं संध्याकाळी बौद्धवाड्यात. आवाज एकच. ज्या घरात त्या माणसाला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं त्या घरात त्याचा आवाज देवघरापर्यंत गेला. कोण्या चळवळीला जमलं असतं का? बाजाराला जमलं, कारण बाजारानं फक्त खपतंय का एवढंच बघितलं.

मी समाजसेवा करीत नव्हतो, हे बी लिहितो. नव्वदच्या नंतर दोन्हीकडच्या जहाल भाषणांच्या कॅसेटी निघाल्या, त्या बी मीच विकल्या. गल्ला एकच होता.

दुधनाकाठ (सेलू)

मामा, तुमच्या शेवटच्या ओळीनं माझंच काम केलं. जो गल्ला दोन्हीकडचे पैसे घेतो त्यानं बदल घडवला म्हणायचं, तर दंगलीचं श्रेयही त्यालाच द्यावं लागेल. तुम्ही पोचवलं, मान्य. एसटीनंही पोचवलं.

आणि शिंदेंचा आवाज देवघरापर्यंत गेला म्हणता. आवाजच गेला ना? त्या वाड्यावर नंतर कोणाला पंगतीत बसवलं?

लातूरची लेक

काका, मामा, तुम्ही दोघंही १९९४ च्या पुढं यायला तयार नाही. मी आजचं विचारते. आपल्याकडच्या लग्नात मेहंदी आणि संगीत कधी होतं?

माझ्या आईच्या लग्नाचं मी ऐकलंय. कुंकवाचा कार्यक्रम, हळद, रुखवत, मंगलाष्टका, बुंदी-पुरी-वांग्याची पंगत, संपलं. हळदीला जुन्या साड्या नेसायच्या, कारण डाग पडतो. आता हळदीला सगळ्यांनी पिवळं घालायचं. नवरीच्या एन्ट्रीला जमिनीतून थंड फटाक्याच्या ठिणग्या. ड्रोन. आदल्या महिन्यात कुठंतरी तलावावर जाऊन प्री-वेडिंग. दुष्काळी तालुक्यात, टँकर सुरू असताना, कृत्रिम धुकं सोडणारं मशीन भाड्यानं आणतात! हे कोणत्या आंदोलनानं आणलं? कोणी मोर्चा काढला होता संगीत पाहिजे म्हणून? हिंदी सिनेमातून मालिकेत आलं, मालिकेतून मंगल कार्यालयाच्या पॅकेजमध्ये. २० वर्षांत. शिवाय गरिबातल्या गरिबाच्या घरापर्यंत. धंद्यानं बदल घडवला नाही म्हणणाऱ्यांनी फक्त ही एक गोष्ट समजावून सांगावी.

आणि काका, तुमच्या ४० टक्क्यांबद्दल. खर्च कोण करतं? मुलीचा बाप. त्याला दोन मुली असल्या तर तो काय करतो? एकाच मांडवात दोघींना उभं करतो. मोठी वीसची असते, धाकटी पंधराची. मंडप तोच, जेवण तेच, डीजे तोच, खर्च वाचला. माझ्या ओळखीत अशा बहिणी आहेत. म्हणजे मालिका बघूनसुद्धा बालविवाह थांबले नाहीत असं तुम्ही लिहिलंय, आणि मी म्हणते त्यातले काही मालिकेनं शिकवलेल्या लग्नामुळंच होतात. हा बदल नाही तर काय? वाईट आहे म्हणून तो मोजायचाच नाही का?

परवा समाजाच्या बैठकांमधून प्री-वेडिंग बंद, डीजे बंद, मानपान बंद असे ठराव झाले ते वाचलेत ना? ठराव करणाऱ्यांना कळलंय शत्रू कुठंय. पाळणारे किती, ते सोडा.

मोंढ्यातला (लातूर)

ताई, सगळं खरंय पण तो ड्रोन उडवणारा, तो डीजेवाला, तो मंडपवाला हे पण आपलेच पोरं हैत की. आयटीआय करून घरी बसलेले. सीझन असला की दोन पैसे भेटतेत.

आन अजून एक सांगतो, कोणी लिहिलं नाही म्हणून. आधी वरातीत हलगी कोण वाजवायचं? ठरलेल्या घरची माणसं. वाजवायची, आन मग मांडवाच्या बाहेर बसून जेवायची, सगळ्यांचं झाल्यावर. पैसे किती, तर मालक देईल तेवढे. त्यांच्या पोरांनी हलगी सोडली. माझा वर्गमित्रच हे त्यातला. त्यानं कर्ज काढून डीजे घेतला. आता सुपारी ठरवताना आधी ॲडव्हान्स घेतो, उशीर झाला तर सामान उचलून निघतो, आन पाटील त्याला ‘शेठ, अजून अर्धा तास’ म्हणून हात जोडतेत. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. डीजेनं कान फुटतेत, म्हाताऱ्यांना त्रास होतो, मान्य. पण त्या मशीनला जात नाही.

दुधनाकाठ (सेलू)

मोंढ्यातले भाऊ, या धाग्यातलं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं तुम्ही लिहिलंत. पण तुमच्या मित्रानं हलगी सोडली ती डीजे आला म्हणून नाही. ती सोडायची हे आधी ठरलं. परंपरेनं गळ्यात आलेली कामं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगून किती दशकं झाली. डीजे मिळाला नसता तर त्यानं रिक्षा घेतली असती. आता तीच हलगी युवक महोत्सवात ‘लोककला’ म्हणून बक्षीस घेते आणि वाजवणारी पोरं कोणत्याही घरची असतात, हेही खरं. तिथंही क्रम तोच आहे. ज्यांच्या गळ्यात होती त्यांनी ती आधी खाली ठेवली, मग तिची कला झाली.

लातूरच्या ताई, तुमच्या मुद्द्याला मात्र उत्तर देणं भाग आहे. धंदा खर्च बदलतो, कपडा बदलतो, जेवणाचा मेनू बदलतो. मी म्हणतोय ते वेगळं. कोणी कोणाशी लग्न करायचं, हे तो बदलतो का? २०१६ ला ‘सैराट’ आला. मराठी सिनेमात १०० कोटींचा गल्ला पहिल्यांदा त्यानं केला. त्यातल्या गाण्यावर नाचली नाही अशी एक वरात त्या उन्हाळ्यात दाखवा. सगळ्या जातींच्या वराती, आपापल्या जातीतल्या लग्नाच्या. सिनेमा ज्या गोष्टीबद्दल होता ती गोष्ट मांडवाच्या बाहेर ठेवून लोक त्याच्याच तालावर नाचले. पुढं २०२१ ला वैजापूर तालुक्यात पळून जाऊन लग्न केलेल्या बहिणीचा भावानंच जीव घेतला, तेव्हा बातम्यांनी मथळ्याला सिनेमाचंच नाव वापरलं. दिग्दर्शकानं पोटतिडकीनं केलेली गोष्ट बाजारात आल्यावर तिचं एक वरातीचं गाणं झालं आणि एक मथळा झाला.

पैठणगेट

आठवडाभर वाचतोय. शहराचं नाव कोणी काय लिहायचं ते लिहा, मी त्यात पडत नाही.

पण ‘मराठवाड्यातले सांस्कृतिक उद्योग’ म्हणून इतकं लिहिलं आणि वली, सिराज हे जुने शायर या मातीतले, हे कोणाच्या ध्यानात नाही. उर्दू गझल उत्तरेत मोठी झाली त्याआधी ती इथं बोलती झाली होती. आमच्या गल्लीत अजून मुशायरे होतात, चहा आणि खुर्च्यांचा खर्च दुकानदार काढतात. आम्ही घरात जी दखनी बोलतो ती पडद्यावर फक्त हसवायला असते, तीही हैदराबादची म्हणून. मराठी मालिकेत मराठवाडा दाखवला तरी त्यात मुसलमान शेजारी दिसत नाही, आणि दिसला तर ईदला शीरखुर्मा घेऊन येतो आणि निघून जातो. अख्ख्या गोष्टीत आमचं काम तेवढंच.

बाजार काय दाखवतो याच्यावर भांडताय. काय दाखवत नाही त्याच्यावरही कोणीतरी लिहा.

विंगेतला (संभाजीनगर)

पैठणगेट भाई, तुमचं वाचून मला माझ्या विषयाकडं यावंच लागतंय. मी विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलो. त्याच विभागाचे प्रमुख होते लक्ष्मण देशपांडे. १९७९ ला त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ चा पहिला प्रयोग केला. एकटा माणूस, बावन्न पात्रं. मराठवाडी बोली मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहात हाउसफुल्ल चालली, परदेशात गेली. त्याआधी आपला माणूस तिकडं गेला की जीभ दाबून बोलायचा. एवढं त्या प्रयोगानं केलं. दुधनाकाठ, इथं चळवळ नव्हती, तिकीट होतं, आणि बदल झाला. याला काय म्हणाल?

आता मलाच न आवडणारी दुसरी बाजू. त्या यशानंतर मुंबईला एक साचा सापडला. मराठवाड्याचा माणूस म्हणजे भोळा, घाबरट, मोठ्यानं बोलणारा. देशपांडे सरांची पात्रं तशी नव्हती, त्यांना त्या माणसांची माया होती. साचा उचलणाऱ्यांना मायेशी देणंघेणं नव्हतं. मी स्वतः मुंबईत ऑडिशनला गेलो की सांगायचे, ‘जरा गावाकडचं करा’. म्हणजे काय, विचारलं तर समोरचा स्वतःच वाकडं तोंड करून दाखवायचा.

गंभीर काही करायचं असेल तर मराठवाडा घरी ठेवून जावं लागतं. आपल्याच औरंगाबादचे प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी मुंबईला गेले आणि १९९१ ला ‘चारचौघी’ केलं. बायकांच्या प्रश्नावर इतकं थेट नाटक व्यावसायिक रंगभूमीवर फार थोडं आलंय. पण ते घर शहरातलं आहे. भाषाही वेगळी आहे. मी त्यांना दोष देत नाही, प्रेक्षक तिथं होता. इकडची माणसं तिकडं गेली आणि इकडची गोष्ट इकडंच राहिली. आपली गोष्ट तिकडं पोचते ती एक तर हसायला, नाही तर दुष्काळ पडल्यावर. मधली सगळी माणसं, म्हणजे ज्यांच्यात खरे बदल चाललेत ती, कोणाच्याच कामाची नाहीत.

जुना कॅसेटवाला (नांदेड)

इंगेतले भाऊ, माळेगावच्या जत्रंला या एकदा मार्गशीर्षात. तिथं अजून तमाशे लागतेत, लावणी महोत्सव होतो. पण वग बघायला कोण बसतंय आता? आधी गण-गवळण, मग रंगबाजी, मग रात्री उशिरा वग सुरू व्हायचा तो पहाटेपर्यंत. वगात सावकाराला, पुढाऱ्याला, सगळ्यांना झोडायचे. आता पोरं फकस्त गाणी म्हणतेत. ‘वग नको, गाणी लावा’. कनात पाडायची धमकी देतेत. फडमालकानं काय करावं? त्यानं वग आखूड केला. समाज बदलला तसा धंदा बदलला. ह्या बाबतीत सेलूकरांचं बरोबर म्हणायला पायजे, पण खुशीनं म्हणत नाही.

कीर्तनाला जाणारी (गंगाखेड)

सगळे सिनेमा, नाटक, डीजे करायलेत. आमच्या गावात सिनेमाचं थेटर बंद पडून जमाना झाला. पण सप्ताह? श्रावणात, चैत्रात, गावागावात. मराठवाड्यातला सगळ्यात मोठा सांस्कृतिक उद्योग कीर्तन आहे, आणि तो उद्योग आहे असं म्हटलं की लोक अंगावर येतात.

आठ दिवसांचा मंडप, साउंड, आता एलईडी पडदे, तीन वेळचं अन्न. नावाजलेल्या महाराजांची तारीख वर्षभर आधी घ्यावी लागते. काल्याच्या कीर्तनाची बिदागी किती यावर गावकीच्या बैठका होतात. कोपऱ्यात यूट्यूबवाल्यांचे कॅमेरे. दोन तासांच्या कीर्तनात दीड तास अभंग आणि निरूपण असतं, आणि दहा मिनिटं सुनांवर, मोबाईलवर, जीन्स घालणाऱ्या पोरींवर विनोद असतात. यूट्यूबवर जातात ती दहा मिनिटं. महाराजालाही कळतं काय चालतंय. पुढच्या गावात ती दहाची वीस होतात. आमच्या बायका पदर तोंडाला लावून स्वतःवरचेच विनोद ऐकून हसतात, मीही हसलेय. आणि घरी आल्यावर सासरे म्हणतात, ‘ऐकलं ना महाराज काय म्हणाले?’ मालिकेतल्या कोणाचं नाव घेऊन सासऱ्यांनी मला कधी काही सुनावलं नाही. जनाबाईच्या गावात बसून हे लिहायलेय.

पण ह्याच धंद्यानं एक झालं. वीस-बावीस वर्षांच्या पोरी कीर्तन करायलेत. आळंदीला शिकून आलेल्या, साध्या शेतकऱ्यांच्या पोरी. बाईनं वीणा घ्यावी का नाही यावर आमच्याच गावात किती वाद झाले होते. आता पत्रिकेवर त्यांचा फोटो मोठा असतो, कारण त्यांच्या कीर्तनाला गर्दी होते. वाद कोणी मिटवला नाही, गर्दीनं तो संपवला. त्यातली एक पोरगी हुंड्यावर बोलली तेव्हा मंडपात पुरुष खाली मान घालून बसले होते. हेच मी जर गावसभेत बोलले असते तर मला बसवलं असतं.

तेव्हा काका, धंदा काहीच करत नाही हे मला मान्य नाही. तो चांगलं करतो हेही मान्य नाही.

धारूरचा मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. दसरा-दिवाळी झाली की माझा अर्धा वर्ग उसाला जातो, एप्रिलपर्यंत परत येत नाही. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीवर. एकट्या गड्याला अर्धी. म्हणून पोराचं लग्न लवकर. पोरगी वयात आली की मागं कोणाजवळ ठेवायची? म्हणून पोरीचं लग्न लवकर. लातूरच्या ताईंचा एक मांडव आमच्याकडं पण आहे, पण मूळ उचल आहे. हे हिशेबाचं गणित आहे. कोणत्याही मालिकेचा पाचशेवा भाग याला हात लावू शकत नाही. हंगामी वसतिगृह नीट चाललं त्या वर्षी माझ्या वर्गातल्या पोरी टिकल्या, नीट चाललं नाही त्या वर्षी गेल्या.

मोबाईलनं एक बदल केला, तो मी रोज बघतो. उसाच्या फडात काम करणारी जोडपी रील काढतात. मोळी बांधताना, ट्रकवर चढताना. लाखोंनी बघणारे. ऊसतोडीवरची गाणी निघाली, ती हिट झाली. शहरातल्या लोकांनी डोळ्यांत पाणी आणून ती पुढं पाठवली. उचलीचा दर त्यानं एक रुपया वाढला नाही. आणि गावातल्या आठवीच्या पोरीनं रील काढली की बाप पुढच्या महिन्यात स्थळ बघतो. भीती वाटते त्याला.

लातूरची लेक

सर, बाप घाबरतो हे खरं. पण बीड-लातूरकडं अठराच्या आतली जी लग्नं थांबली त्यातली काही पोरींनीच १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करून थांबवली आहेत. फोन हातात नसता तर?

धारूरचा मास्तर

तो नंबर आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे, ताई. आम्हीच रंगवला.

लातूरची लेक

भिंतीवरून फोन लागत नाही सर.

दुधनाकाठ (सेलू)

सगळ्यांचं वाचलं. मी माझ्या जागेवर आहे, फक्त नेमकं लिहितो. कीर्तनातल्या पोरीचं उदाहरण मला विचार करायला लावणारं आहे. पण तिला आळंदीला शिकायला पाठवणारा बाप आधी तयार झाला, मग गर्दी आली. विंगेतल्या भाऊंचा ‘वऱ्हाड’ चा मुद्दा घेतो : बोलीला टाळ्या मिळाल्या, बोलणाऱ्याला भूमिका मिळाल्या नाहीत. हेच माझं म्हणणं आहे. माल जातो, माणूस दारात राहतो.

आणि आजचंच उदाहरण घ्या. संभाजीनगरच्या कडूबाई खरात. हातात एकतारी, बाबासाहेबांचं गाणं, तो आवाज महाराष्ट्रभर गेला. कोणत्या कंपनीनं शोधलं त्यांना? कुठल्या वाहिनीनं? कोणीतरी साध्या मोबाईलवर काढलेले व्हिडिओ लोकांनीच पसरवले. माईक, स्टेज, सत्कार सगळं त्याच्यामागून आलं.

जुना कॅसेटवाला (नांदेड)

मोबाईल बी कंपनीचाच व्हता सेलूकर, आन ज्याच्यावर पसरला ते यूट्यूब काय भिक्खू संघाचं हे का?

पण तुमी वामनदादांचं नाव काढलं म्हणून एक बोलतो, आजवर बोललो नव्हतो. माझ्या दुकानातल्या निम्म्या कॅसेटींवर गाणाऱ्याचं नाव होतं, लिहिणाऱ्याचं नव्हतं. गाणी घराघरात पाठ, आन ज्यानं लिहिलं तो एसटीच्या स्टँडवर. मी ते रोज बघत होतो, विकत होतो. कंपनीला एकदा बी इचारलं नाही की कवीचं नाव का नाही. गिऱ्हाईकानं बी मला इचारलं नाही. हे तुमच्या बाजूनं धरा पायजे तर.

तरी बी १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर या. नामविस्तार दिनाला मी दरवर्षी असतो. पुस्तकाच्या स्टॉलवर गर्दी जास्त का गाण्याच्या, उभं राहून बघू.

विंगेतला (संभाजीनगर)

गाण्यांचे स्टॉल कुठं राहिलेत आता मामा? सगळं मोबाईलवर गेलं. मागच्या वेळी मी तिथंच होतो, रांगेनं पुस्तकंच होती.

दुधनाकाठ (सेलू)

येतो. मामा, तुमच्याकडं जुन्या कॅसेटी उरल्या असतील तर घेऊन या. ज्यांच्यावर कवीचं नाव नाही त्यांची यादी करू, गाणी ओळखणारी म्हातारी माणसं त्या दिवशी गेटवर भेटतील.